उजनी ‘वजा ६० टक्के’ म्हणजे नेमकं काय? एका आकड्यावर चालणारं धरण आणि त्या आकड्यात न मावणारी गावं

जून २०२४ च्या सुरुवातीला उजनी धरणाचा साठा वजा ६० टक्क्यांच्या जवळ पोचला होता. सोलापूर जिल्ह्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा आकडा रोज फिरत होता. त्याच दिवसांत केंद्रीय जल आयोगाच्या साप्ताहिक पत्रकात उजनीपुढे शून्य दिसत होतं. आणि प्रत्यक्ष धरणात साडेएकतीस टीएमसीच्या आसपास पाणी होतं.

वजा साठ, शून्य आणि साडेएकतीस टीएमसी. धरण एकच, आठवडा एकच, आणि तिन्ही आकडे खरे.

हा नुसता आकडेमोडीचा खेळ नाही. कालव्याला आवर्तन कधी सुटणार, सोलापूरला पिण्याचं पाणी कसं मिळणार, करमाळा-माढ्यातला ऊस आणि केळी तगणार का, इंदापूरला पाणी द्यायचं की नाही, या सगळ्या भांडणांत पुरावा म्हणून हाच टक्का पुढे केला जातो. त्यामुळे तो कसा तयार होतो, त्यात काय मोजलं जातं आणि काय सुटतं, हे समजून घेणं गरजेचं आहे.

टक्का वजा कसा होतो?

भीमा नदीवर माढा तालुक्यात उजनी धरण आहे. १९६६ मध्ये कामाची पायाभरणी झाली आणि १९८० मध्ये धरण पूर्ण झालं. जलाशयाचं अधिकृत नाव यशवंतसागर. पाणलोटाचा फुगवटा सोलापूर जिल्ह्यातल्या माढा आणि करमाळा, पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर आणि दौंड, तसंच अहिल्यानगरमधल्या कर्जत तालुक्यापर्यंत पसरतो. म्हणजे पाणी एक आणि काठ तीन जिल्ह्यांचे.

धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. तिचे दोन भाग आहेत. वरचा ५३.५७ टीएमसी हा उपयुक्त साठा आणि खालचा ६३.६६ टीएमसी हा मृतसाठा. मृतसाठा म्हणजे नेहमीच्या पाणीवाटपाच्या नियोजनात धरला न जाणारा तळाचा साठा. बहुतेक धरणांत तो एकूण क्षमतेचा छोटा हिस्सा असतो. उजनीत तो निम्म्याहून जास्त आहे.

आता हिशेब सोपा होतो. उपयुक्त साठा पूर्ण भरला की १०० टक्के. तो संपून पाणी मृतसाठ्याच्या पातळीला आलं की शून्य टक्के. त्याखाली गेलं की वजा. हा वजाचा टक्काही उपयुक्त साठ्याच्या मापानेच मोजतात. एक टक्का म्हणजे अर्ध्या टीएमसीपेक्षा थोडं जास्त, साधारण १,५१७ कोटी लिटर पाणी.

वजा ६० टक्के म्हणजे ५३.५७ चे ६० टक्के, अर्थात सुमारे ३२ टीएमसी पाणी मृतसाठ्यातून गेलं. ६३.६६ मधून ३२ वजा केले की साडेएकतीस उरतात. केंद्रीय जल आयोगाचं पत्रक फक्त उपयुक्त साठा मोजतं, म्हणून तिथे शून्य.

तुलनेसाठी एक आकडा पुरेसा आहे. पुणे शहराला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा मिळून उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी आहे. म्हणजे ‘वजा ६०’ असलेल्या उजनीत पुण्याच्या चारही भरलेल्या धरणांपेक्षा जास्त पाणी होतं. पण ते खोल होतं, गाळावर होतं आणि मागणाऱ्यांच्या मानाने कमीच होतं. ‘धरण आटलं’ आणि ‘धरणात पाणी आहे’ अशी दोन्ही बाजूंची भाषणं एकाच आठवड्यात होतात, ती यामुळे.

एका टक्क्याला एवढं वजन कुठून आलं?

पहिलं कारण रोजच्या कारभाराचं. आवर्तन कधी आणि किती सोडायचं याची चर्चा कालवा सल्लागार समितीत होते. उजनीवर डावा आणि उजवा कालवा, भीमा-सीना जोडबोगदा, सीना-माढा आणि दहिगाव उपसा योजना, नदीकाठची गावं, पंढरपूर, सोलापूर शहर असे अनेक वाटेकरी आहेत. प्रत्येक जण आपला वाटा मागताना टक्क्याकडेच बोट दाखवतो.

दुसरं कारण कायद्याचं. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम २००५ मध्ये आला. त्याच्या कलम १२(६)(ग) चा आशय असा, की टंचाईच्या काळात नदीच्या खोऱ्यातल्या सगळ्या धरणांमधल्या साठ्याची टक्केवारी ऑक्टोबरअखेर साधारण सारखी असावी. म्हणजे कायद्याने समान वाटपाचं माप म्हणून टक्का स्वीकारला. गोदावरी खोऱ्यात त्याचा अर्थ काय होतो हे राज्याने पाहिलं आहे. प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानंतर १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल, तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. ६४ आणि ६६ यांच्यातल्या फरकावर दोन प्रदेशांचं राजकारण तापतं.

उजनीही तशीच साखळीच्या शेवटी आहे. वरच्या धरणांतून सुटलेलं आणि नद्यांतून आलेलं पाणी दौंडजवळ मोजलं जातं, म्हणून पावसाळ्यात सोलापूरकरांची नजर ‘दौंड विसर्गा’वर असते. २०२३ च्या पावसाळ्यात धरण भरलं नाही, जानेवारी २०२४ मध्येच ते वजात गेलं आणि पुढचे पाच-सहा महिने जिल्ह्याने वजाचा आकडा वाढताना पाहिला. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये तेच धरण भरलं.

तिसरं कारण पुराचं. ऑक्टोबर २०२० च्या मध्याला अतिवृष्टी झाली तेव्हा उजनी आधीच भरलेलं होतं. विसर्ग दोन लाख क्युसेकच्या वर न्यावा लागला आणि पंढरपूरसह भीमाकाठच्या गावांत पाणी शिरलं. अशा वेळी टक्का किती यापेक्षा पुढच्या बारा तासांत किती पाणी येणार, हा प्रश्न मोठा असतो. त्यासाठी जलसंपदा विभागाने कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत पाऊस आणि नदीपातळी मोजणारी स्वयंचलित यंत्रं बसवली. त्यांची माहिती पुण्याच्या सिंचन भवनातल्या केंद्रात येते आणि तिच्यावरून संगणकीय प्रारूप येणाऱ्या पाण्याचा अंदाज काढतं. ही यंत्रणा जागतिक बँकेच्या मदतीने राबवलेल्या महाराष्ट्र जलक्षेत्र सुधार प्रकल्पातून उभी राहिली.

म्हणजे वरून येणारं पाणी आणि धरणातली पातळी यांची मोजणी आज चांगल्या अवस्थेत आहे. अडचण पुढे आहे.

पातळी अचूक, पण साठा?

धरणातलं पाणी थेट मोजता येत नाही. मोजली जाते ती पातळी. मग एका तक्त्यात पाहतात, की या पातळीला जलाशयाचं क्षेत्र किती आणि साठा किती. हा तक्ता जमिनीच्या चढउताराच्या मोजणीवरून तयार होतो. पण दर पावसाळ्यात नदी गाळ आणते. तळ वर येतो. पातळी तीच दिसते, खालचं पाणी मात्र कमी झालेलं असतं.

एक उदाहरण केवळ समजण्यासाठी घेऊ. समजा, गाळामुळे उपयुक्त साठ्याची जागा १० टक्क्यांनी कमी झाली आणि तक्ता जुनाच वापरला. तर धरण ‘१०० टक्के’ भरलेलं दिसेल, पण ५३.५७ ऐवजी सुमारे ४८.२ टीएमसी पाणी असेल. सुमारे ५.४ टीएमसीचा फरक फक्त कागदावर राहील. उजनीच्या राजकारणात पाच टीएमसीवरून काय घडू शकतं, ते पुढे येतंच.

गाळ मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत होडीवर ध्वनिलहरी सोडणारं यंत्र बसवून तळाची खोली टिपतात. दुसरी उपग्रहाची. वेगवेगळ्या पातळ्यांना जलाशय किती पसरला आहे ते चित्रात मोजतात, दोन पातळ्यांमधल्या पाण्याचं घनफळ काढतात आणि जुन्या तक्त्याशी ताडून पाहतात. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘मेरी’, राज्यातल्या धरणांसाठी असं काम करते.

उपग्रहाच्या पद्धतीला एक मर्यादा आहे. पाणी जिथपर्यंत खाली उतरतं, तिथपर्यंतचाच गाळ तिला कळतो. कायम पाण्याखाली राहणारा तळ चित्रात दिसत नाही. पण उजनीच्या बाबतीत हीच मर्यादा संधी ठरू शकते. २०२४ सारख्या वर्षी पाणी मृतसाठ्याच्याही निम्म्याखाली गेलं, पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडलं आणि ते पाहायला गर्दी झाली. बातम्या मंदिराच्या झाल्या. पण एरवी पाण्याखाली असणारा मृतसाठ्याचा मोठा भाग उपग्रहाला मोजता येईल, असेही तेच दिवस होते. दुष्काळाचं वर्ष हे धरणाची खरी क्षमता तपासण्याचं वर्ष असतं.

यासाठी गुप्त तंत्रज्ञान लागत नाही. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची दहा मीटर तपशिलाची चित्रं साधारण पाच दिवसांनी मिळतात आणि फुकट असतात. सेंटिनेल-१ चं रडार ढगांतूनही पाहतं. डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेला अमेरिका-फ्रान्सचा ‘स्वॉट’ उपग्रह जलाशयांच्या पाण्याची उंचीही मोजतो. सोलापूरच्या महाविद्यालयातला विद्यार्थीसुद्धा आज उजनीचा पसारा महिन्यामहिन्याने मोजू शकतो.

काठावरचा उपसा: न मोजलेलं पाणी कोणाचं?

धरणाच्या रोजच्या अहवालात कालव्याचा विसर्ग असतो, नदीत सोडलेलं पाणी असतं, बाष्पीभवनही असतं. जलाशयाच्या काठावरून हजारो मोटारींनी उचललेलं पाणी मात्र त्याच नेमकेपणाने मोजलं जात नाही. परवाने आहेत, उपसा योजना आहेत, पण प्रत्येक मोटारीला पाण्याचं मीटर नाही.

याचा परिणाम दोन्ही बाजूंना होतो. कालव्याच्या शेपटाला असलेला शेतकरी म्हणतो, पाणी काठावरच संपतं. काठावरचा शेतकरी म्हणतो, आमच्या जमिनी बुडाल्या म्हणून हे धरण उभं राहिलं, मग आम्हीच चोर कसे? कंदर, वांगी, केत्तूर, वाशिंबे, कुगाव या करमाळा तालुक्यातल्या पट्ट्यात ऊस आणि केळी याच पाण्यावर उभी आहे. कंदरची केळी परदेशात जाते. पाणी मागे सरकलं की इथे चाऱ्या खोदल्या जातात, पाइप आणि केबल वाढवावी लागते, मोटारी आत न्याव्या लागतात. टंचाईत प्रशासनाच्या हाती सर्वांत सोपं हत्यार उरतं ते वीज कमी करण्याचं. त्यात पाच एकर आणि पन्नास एकर यांत फरक करता येत नाही, कारण कोण किती उचलतो याचा हिशेबच समोर नसतो.

हिशेब जुळवणं आता अशक्य राहिलेलं नाही. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू आहे आणि शेतकरी गटनंबरनिहाय पीक नोंदवतो. एप्रिल-मे महिन्यात हिरवा राहणारा ऊस उपग्रहाच्या चित्रात सहज ओळखू येतो. शेतीपंपांच्या फीडरवर किती वीज गेली याची नोंद वीज कंपनीकडे असते. ही तीन माहितीसाधनं एकत्र आणली, तर काठावरच्या उपशाचा गावनिहाय अंदाज बांधता येतो.

पण इथे एक धोकाही आहे. नकाशा तयार झाला की तो कोणाच्या हाती जातो? ज्याच्याकडे जुना परवाना आणि वकील आहे, त्याला असा नकाशा त्रास देत नाही. धरणग्रस्ताची वहिवाट अनेकदा कागदावर पक्की नसते. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनी भाडेपट्ट्याने देताना प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य देण्याची पद्धत राज्यात जुनी आहे, पण पाण्याची कड दरवर्षी नव्या जागी असते आणि हद्दीवरून वाद होतात. उपग्रहाला हिरवा तुकडा दिसतो. तो कसणाऱ्याची जमीन कोणत्या वर्षी गेली आणि बदल्यात काय मिळालं, हे दिसत नाही. म्हणून असा नकाशा आधी ग्रामसभेत लावून, हरकती घेऊन मगच कारवाईला वापरणं हाच न्यायाचा मार्ग ठरतो.

२०२१ चे ‘पाच टीएमसी’: कागदावर पाणी कसं तयार होतं?

२२ एप्रिल २०२१ रोजी राज्य सरकारने उजनीतून इंदापूर तालुक्यासाठी पाच टीएमसी पाणी उचलण्याच्या दिशेने आदेश काढला. युक्तिवाद असा होता, की पुणे परिसरातून सांडपाणी उजनीत येतं, त्या वाढीव पाण्यातून हे पाच टीएमसी घ्यायचे. सोलापूर जिल्ह्यात आंदोलन पेटलं. उजनीचं सगळं पाणी आधीच वाटून झालं आहे, मग हे पाणी नवं कसं, असा सवाल विचारला गेला. मे २०२१ मध्ये सरकारने आदेश रद्द केला. इंदापूरच्या लाकडी-निंबोडी उपसा योजनेवरून वाद मात्र पुढेही राहिला.

इंदापूरच्या कोरडवाहू गावांची मागणी खोटी नव्हती आणि सोलापूरची भीतीही खोटी नव्हती. पण मूळ प्रश्न मोजणीचा होता. पुण्याचं सांडपाणी म्हणजे शेवटी वरच्या धरणांतून शहराने घेतलेलं आणि वापरून परत नदीत सोडलेलं पाणी. ते दौंडजवळ मोजल्या जाणाऱ्या प्रवाहातच मिसळलेलं असतं. त्याला वेगळा साठा म्हणायचं, तर ते आधी कोणाच्या हिशेबात होतं आणि आता कोणाच्या हिशेबातून वजा होणार, हे दोन्ही जिल्ह्यांना तपासता येईल अशा ताळेबंदातून दाखवावं लागतं. असा सर्वमान्य ताळेबंद समोर नसला की आकडा हा पुरावा राहत नाही, घोषणा होते.

पाणी किती ते कळतं, कसलं ते?

टक्क्यात पाण्याची प्रत नसते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात महाराष्ट्रात प्रदूषित नदीपट्ट्यांची संख्या ५५ होती, देशात सर्वाधिक. त्यात भीमाही आहे.

सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर शेवाळ आणि जलपर्णी वाढते. पाणी कमी झालं की घाण दाट होते. म्हणून वजा ५० टक्क्यांतलं एक टीएमसी आणि शंभर टक्क्यांतलं एक टीएमसी ही पिणाऱ्याच्या दृष्टीने सारखी नसतात. हेच पाणी पिण्याच्या योजनांना जातं, पंढरपूरच्या चंद्रभागेत उतरतं आणि यातच मासेमारी चालते. भिगवणच्या बाजारात चिलापीचे ढीग लागतात. पूर्वीचे मासे कुठे गेले, हा प्रश्न काठावरचे मच्छीमार विचारतात. शेवाळाचा हिरवा थर उपग्रहातून दिसतो आणि पाण्याचे नमुनेही तपासले जातात. पण ‘आज साठा किती’ सांगणाऱ्या ओळीशेजारी ‘आज पाणी कसं’ सांगणारी ओळ नसते.

फ्लेमिंगो दिसतात, पण ‘पाणथळ’ नाही?

हिवाळ्यात भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. पर्यटकांच्या होड्या निघतात. हा पट्टा पाणथळ आहे, हे डोळ्यांना दिसतं. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने उपग्रहचित्रांवरून केलेल्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहातही नैसर्गिक पाणथळींबरोबर धरणांचे जलाशय मोजले आहेत.

पण पाणथळ जागांविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी खास बांधलेले जलसाठे वगळले आहेत. त्यामुळे जलाशय नकाशात आहे आणि नियमाच्या संरक्षणाबाहेर आहे. गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेलं नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ झालं. म्हणजे मानवनिर्मित असणं ही आंतरराष्ट्रीय मान्यतेला अडचण नाही.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये राज्यांना उपग्रह नकाशातल्या पाणथळींची जागेवर जाऊन पडताळणी आणि हद्दनिश्चिती करायला सांगितलं. या आदेशाने एक तत्त्व ठळक केलं: आकाशातून काढलेली रेघ जमिनीवर तपासल्याशिवाय हक्क किंवा बंधन ठरत नाही.

कुगावची होडी कोणत्या नकाशात होती?

२१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांचा मृत्यू झाला. धरण तेव्हाही खोल वजात होतं. कागदावर ‘रिकामं’ असलेल्या धरणात माणसं बुडाली.

काठावरच्या गावांसाठी होडी ही सहल नाही, रस्ता आहे. पाण्यापलीकडचं गाव समोर दिसतं, पण सडकेने वळसा घालून जायचं तर मोठं अंतर पडतं. धरण झालं तेव्हा जुने रस्ते पाण्याखाली गेले आणि त्यांच्या जागी होड्यांच्या वाटा आल्या. शिरसोडी-कुगाव पुलाचं काम आता हाती घेतलं आहे. पूल होईपर्यंत आणि पूल नसलेल्या इतर ठिकाणी होड्या चालणारच.

समुद्रात जाणाऱ्या जहाजासाठी देहरादूनचं राष्ट्रीय जलालेखन कार्यालय खोलीचे नकाशे काढतं. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना लाटा आणि वाऱ्याचा इशारा देण्यासाठी हवामान विभाग आणि हैदराबादची ‘इन्कॉईस’ ही संस्था आहे. कुगावच्या नावाड्याच्या हातात असा खोलीचा नकाशा नसतो. पाणी उतरत जातं तसे जुने बांध, झाडांचे बुंधे, पडक्या भिंती वर येतात आणि वाट रोज बदलते. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यांत्रिक होड्यांची नोंदणी, सुरक्षा साधनं आणि देशपातळीवर एक माहितीसाठा यांची तरतूद केली. पण ती तरतूद गावच्या धक्क्यापर्यंत पोचली, तरच तिचा उपयोग.

समुद्रातही हाच प्रश्न आहे

उजनीत जे छोट्या आकारात घडतं, ते महासागरांत मोठ्या आकारात घडतं. जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या अभ्यासात उपग्रहांच्या रडार चित्रांवरून समुद्रातली जहाजं मोजली गेली. व्यावसायिक मासेमारी करणारी जगातली जवळजवळ तीन चतुर्थांश जहाजं सार्वजनिक मागोवा यंत्रणेत दिसत नाहीत, असं त्यातून पुढे आलं. म्हणजे तोवर ज्या नकाशावरून कुठे किती मासेमारी चालते हे ठरवलं जात होतं, त्यातून बराच भाग गायब होता. खुल्या समुद्रातल्या जैवविविधतेसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा करार १७ जानेवारी २०२६ पासून अमलात आला आहे. त्यातली संरक्षित क्षेत्रं ठरतील तीही माहितीवर आणि नकाशांवरच.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही हेच दिसलं. किनारा व्यवस्थापनाच्या मसुदा नकाशांवर हरकती घेताना मच्छीमार संघटनांचा मुद्दा साधा होता: आमच्या कोळीवाड्यांच्या हद्दी, मासळी सुकवण्याच्या जागा, होड्या लावण्याच्या जागा यात पुरत्या आलेल्या नाहीत. नकाशात मोकळी दिसणारी जागा उद्या प्रकल्पासाठी ‘उपलब्ध’ ठरते. मासळी सुकवायची जागा मोकळीच दिसते.

मग उजनीत काय बदलायला हवं?

नव्या उपग्रहाची किंवा महागड्या यंत्रणेची वाट पाहायची गरज नाही. बरीच माहिती आज वेगवेगळ्या कार्यालयांत आहे. जलसंपदाकडे पातळी आणि विसर्ग, महसूलकडे पीक पाहणी आणि गावनकाशे, वीज कंपनीकडे फीडरच्या नोंदी, प्रदूषण मंडळाकडे पाण्याचे नमुने. त्या एका ठिकाणी, एकाच तारखेला, मराठीत आणि गावनिहाय दिसत नाहीत, ही खरी उणीव आहे.

पहिली गोष्ट, टक्क्यासोबत टीएमसीतला एकूण साठा, आणि क्षमतेचा तक्ता कोणत्या वर्षाच्या मोजणीचा आहे हे ठळक छापलं जावं. दुसरी, धरण खोल वजात जाईल त्या प्रत्येक वर्षी गाळाची मोजणी व्हावी आणि ती खुली असावी. तिसरी, काठावरच्या उपशाचा गावनिहाय अंदाज कालवा सल्लागार समितीपुढे यावा, पण ग्रामसभेच्या हरकतींसह. चौथी, साठ्याच्या आकड्याशेजारी पाण्याची प्रत यावी. पाचवी, होड्यांचे धक्के आणि धोक्याच्या जागा दाखवणारा नकाशा पातळीनुसार बदलून धक्क्यावर लावला जावा, आणि वाऱ्याचा इशारा नावाड्याच्या मोबाइलवर पोचावा.

यातली शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे. तिच्यासाठी खोली मोजणारं यंत्र जितकं उपयोगी, तितकंच जुन्या नावाड्याचं आणि मच्छीमाराचं ज्ञानही. बुडालेलं गाव कुठे होतं, विहीर कुठे होती, कोणत्या खडकावर होडी अडकते, हे त्यांना ठाऊक आहे. ते नोंदवायला कागद-पेन्सिलही चालते.

तोवर ग्रुपवर ‘उजनी आज इतके टक्के’ असा मेसेज येईल, तेव्हा पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. एकूण पाणी किती टीएमसी आहे? गेल्या आठवड्यात कालवा, नदी, पिण्याच्या योजना आणि काठ यांपैकी कोणी किती घेतलं? आणि हे पाणी पिण्याजोगं आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर आज मिळतं. दुसऱ्याचं अर्धंमुर्धं मिळतं. तिसऱ्याचं शोधावं लागतं. उजनीचं पुढचं भांडण किती शहाणपणाने होईल, हे उरलेल्या दोन उत्तरांवर अवलंबून आहे.